एकशेवीस सेकंद

नाशिक रोडला, जेल रोडवर माझ्या मामांची अभ्यासिका आहे. तिथल्या माळ्यावर एका जुन्या कॉम्प्युटरवर उबंटू सर्व्हर टाकून ठेवलाय. मुलं त्यावरून जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घेतात. त्याला ना मॉनिटर, ना कीबोर्ड. वीज जाऊन आली की राउटर कधी कधी त्याला वेगळाच आयपी देतो आणि मुलं शोधत बसतात. परवा रात्री ठरवलं, आत्ता आहे तोच पत्ता कायमचा करायचा. राउटरच्या वाटपातून तो आधी वगळला आणि लॅपटॉपवरून एसएसएच केलं.

नेटवर्क कार्डाचं नाव दिसलं 'ईएनपी३एस०'. इतकी वर्षं मी ही नुसती अक्षरं समजत होतो! ईएन म्हणजे इथरनेट, पी३ म्हणजे ३ क्रमांकाची पीसीआय बस, एस० म्हणजे स्लॉट शून्य. पंचवटी एक्सप्रेसच्या तिकिटावर डबा आणि आसन असतं ना, अगदी तसं! पूर्वी 'ईटीएच०', 'ईटीएच१' असायचं. जे कार्ड आधी सापडेल ते शून्य. दोन कार्डं असली की रीस्टार्टनंतर नावांची अदलाबदलही व्हायची. २०१३ मध्ये सिस्टिमडीने जागेवरून नाव ठेवायला सुरुवात केली. आता नावच सांगतं, कार्ड कुठं बसलंय!

आणि नेटप्लॅन! उबंटूमध्ये १७.१० पासून हे सगळं एका वायएएमएल फायलीत: डीएचसीपी बंद, पत्ता, गेटवे, डीएनएस. टॅब चालत नाही, स्पेसच, त्याही मोजून. 'ॲप्लाय' टाइप करणार, तेवढ्यात मॅन्युअलमध्ये 'ट्राय' दिसलं. तेच दिलं.

टर्मिनल गोठलं. पत्त्यात ५० च्या जागी ५ पडला होता. मामा शिडी आणायला उठले. मी म्हटलं, "मामा, दोन मिनिटं थांबा." घड्याळाकडं बघत बसलो. आणि खिडकी पुन्हा जागी झाली! १२० सेकंदांत कोणी एन्टर दाबून होकार दिला नाही, म्हणून मशीनने आपणहून जुनी मांडणी परत लावली होती! समोर कोणी नसताना! मी अक्षरशः ओरडलो, "आलं, मामा, परत आलं!"

आकडा सुधारला, पुन्हा ट्राय, या वेळी एन्टर. नंतर मुद्दाम राउटर बंद-चालू केला. पत्ता हलला नाही.

बाँड आणि ब्रिजच्या काही बदलांना ही सोय लागू नाही, तेवढं ध्यानात ठेवा. बाकी लांबच्या मशीनचा पत्ता बदलताना 'ॲप्लाय' नको, आधी 'ट्राय' करा.