कोरा रकाना

शिरपुरास एम्. एस्सी.च्या विद्यार्थ्यांना पर्यावरण-जीवशास्त्र शिकवितांना मला यंत्रांपेक्षां वहीचीच अधिक काळजी वाटते. हल्लीं नदीच्या पेलाभर पाण्यांतील जनुकद्रव्यावरून तेथें कोणते मासे आहेत हें ओळखतां येतें. परंतु तें पाणी कोठलें व केव्हांचें, हें यंत्र सांगत नाहीं. तें नोंदीवरूनच कळावयाचें.

गेल्या वर्षीं हिवाळ्यांत एका हुशार विद्यार्थ्याकडे अरुणावतीच्या बंधाऱ्यामागील संथ पाण्यांतला प्राणवायु मोजण्याचें काम होतें. एकदां पहांटे, एकदां तिसऱ्या प्रहरीं. रात्रभर जीवजंतु व वनस्पति प्राणवायु वापरतात, म्हणून पहांटेचा आकडा उणा येतो. ऊन पडलें म्हणजे शेवाळ तो भरून काढतें. याच्या वहींत मात्र आठवडाभर पहांट आणि दुपार सारखीच! विचारतांच त्यानें मान खालीं घातली. "सर, थंडी फार होती."

मीं त्याला रानपिंगळ्याची हकीकत सांगितली. येथून पश्चिमेस शहाद्याकडे जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानें त्या पक्ष्याचे नमुने जमविले होते. १८८४ नंतर खात्रीचा पुरावा नव्हता. पुढें रिचर्ड माइनर्ट्झहागेन यानें १९१४ सालीं गुजराथेंतील मांडवीस तो मिळाल्याची नोंद दाखविली. पामेला रासमुसेन या विदुषींनीं तपासलें, तेव्हां तो डेव्हिडसनचाच, संग्रहालयांतून चोरून नव्यानें भरलेला नमुना निघाला. ती खोटी चिठ्ठी बाजूस सारून, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या आधारें त्या सहकाऱ्यांसह शोधास निघाल्या. आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं शहाद्याजवळ, तब्बल ११३ वर्षांनीं, रानपिंगळा पुन्हां दिसला.

त्या आठवड्याचे आकडे मीं रद्द केले. प्रबंध लांबणीवर पडला. त्याचे वडील घरीं येऊन म्हणाले, "सर, चार आकड्यांपायीं पोराचें वर्ष घालवितां?" त्यांना चहा दिला, उत्तर मात्र देतां आलें नाहीं. रात्रीं झोंपही लागली नाहीं.

यंदा पौषांत त्याची नवी वही पाहिली. एका तारखेपुढें लिहिलें होतें, 'आज उठलों नाहीं. नमुना नाहीं.' पुढचा रकाना कोरा होता. त्या कोऱ्या रकान्याशेजारीं मीं समाधानानें सही केली.