शेवटच्या ट्रॉलीचा दिवा

गळीत हंगामात मुदाळ तिट्ट्याकडून रात्री कोल्हापूरला येताना समोर नुसता काळोख आहे असे वाटत असते, आणि एकाएकी त्या काळोखाला उसाच्या मोळ्यांचा आकार येतो. एका जानेवारीत आम्ही हातभर अंतराने वाचलो. तावातावाने उतरून, दोन ट्रॉल्यांना वळसा घालून ट्रॅक्टरपाशी पोहोचलो, तर चालक अदबीने म्हणाला, "सर, तुम्ही?" ट्रॅक्टर आमच्याच घरचा होता.

वर्गात वाक्याचा अन्वय लावायला शिकविणारे आम्ही. आमच्या शेवटच्या ट्रॉलीला दिवा नाही, हे आम्हांला ठाऊक नव्हते. खरे म्हणजे ठाऊक करून घेतले नव्हते. ट्रॉलीमागे तांबडा दिवा हवा, हे कायदा सांगतोच. पण हंगामात खेपा मोजल्या जातात, दिवे नव्हे.

पुढच्या रविवारी दोन्ही ट्रॉल्या उद्यमनगरात नेल्या. काम वाटते तेवढे सोपे नाही. ट्रॅक्टरच्या सात पिनांच्या सॉकेटातून टेललाइट, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर आणि अर्थिंग अशा तारा निघतात. त्या पहिल्या ट्रॉलीच्या पोटाखालून नेऊन तिच्या मागे आणखी एक सॉकेट बसवावे लागते, तेव्हा कुठे वीज दुसरीपर्यंत पोहोचते. एकाच बल्बात दोन तारा असतात: ५ वॅटची सतत जळणारी, २१ वॅटची ब्रेक दाबल्यावर. आमच्याकडे अर्थिंग म्हणून जोडपिनेवर भिस्त होती. ती गंजलेली, चिखलाने माखलेली. परतीची वाट अडली की वीज दुसऱ्या दिव्यातून वाट काढते. इंडिकेटर लावावा, तर टेललाइट मिणमिणू लागतो. मिस्त्रींनी अर्थिंगची स्वतंत्र तार ओढली, सगळ्या तारा लोखंडी नळीतून नेल्या आणि लोंबत्या उसाने झाकू नयेत म्हणून दिवे चौकटीच्या खाली बसविले.

"जोडायचं काय न्हाई, सर," ते म्हणाले, "ऊस उतरताना तुटलं तर दुसऱ्या दिवशी कोण बघणार, ते सांगा."

आम्ही भावाकडे पाहिले, भावाने चालकाकडे. बिचाऱ्याच्या मागे कोणीच नव्हते.

संध्याकाळी आम्ही ट्रॅक्टरवर बसून ब्रेक दाबला. पार मागून चालकाची आरोळी आली, "लागला!" डावा इंडिकेटर मात्र अजून दगा देतो. येत्या रविवारी पुन्हा जायचे आहे.