हवानात काळ थांबलेला नाही : क्यूबाच्या मोटारी आणि क्यूबाचे गाणे (दीर्घ धागा)

१/
हवानाच्या पार्के सेंत्राल या चौकात सकाळी उभा राहिलेला प्रवासी प्रथम मोटारी पाहतो. गुलाबी शेवरले, आकाशी ब्यूक, टपावर पांढरा आणि अंगावर लाल रंग ल्यालेली फोर्ड. मागच्या बाजूला माशाच्या परासारखे उचललेले पंख, उन्हात लखलखणारे क्रोमचे बंपर आणि पार्श्वभूमीला १९२९ साली पूर्ण झालेल्या कापितोलिओचा घुमट. छायाचित्र निघते आणि त्याखाली ठरलेले वाक्य लिहिले जाते : ‘येथे काळ थांबला आहे.’
हे वाक्य सुंदर आहे, पण खोटे आहे. ते खोटे का, याचाच हा धागा.

२/
क्यूबा आणि अमेरिकेच्या फ्लोरिडातील की वेस्ट यांच्यात समुद्राचे अंतर अवघे दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. १८९८ साली स्पेनची सत्ता गेली आणि अमेरिकेची छाया पडली. क्यूबाची साखर उत्तरेला जाऊ लागली आणि उत्तरेची यंत्रे, बँका, जुगारगृहे व मोटारी दक्षिणेला येऊ लागल्या. १९३१ साली बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा सुमारे अकराशे किलोमीटरचा मध्यवर्ती महामार्ग पुरा झाला. मोटारींना धावायला रस्ताही मिळाला. १९५० च्या दशकातील हवाना हे डेट्रॉइटच्या कारखानदारांचे लाडके गिऱ्हाईक होते.

३/
(जाता जाता : यातली काही नावे मुंबईलाही परकी नाहीत. डॉज आणि प्लिमथ या गाड्या स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जोडल्या जात. कुणाच्या पणजोबांच्या छायाचित्रात ती गाडी असेल, तर हवानात तिची सख्खी बहीण आजही भाडे मारते आहे.)

४/
मात्र त्या चकचकाटाची दुसरी बाजू १९५३ च्या जनगणनेत नोंदलेली आहे. राजधानीत दिव्यांच्या झगमगाटात कॅडिलॅक फिरत असताना खेड्यांतील दहांपैकी जवळजवळ नऊ घरांत वीज नव्हती. ज्या मोटारींकडे पाहून प्रवासी हळवा होतो, त्या नव्या होत्या तेव्हाही बहुसंख्य क्यूबन माणसांच्या नव्हत्याच.

५/
या काळाची सर्वांत विलक्षण गोष्ट एका मोटारीच्या शर्यतीची आहे.
हुकूमशहा फुल्खेन्सिओ बातिस्ता याला जगाला दाखवायचे होते की हवाना म्हणजे मौजेचे शहर. बंडखोर वगैरे डोंगरात असतील तर असोत. म्हणून समुद्राकाठच्या मालेकोन या रस्त्यावर ‘क्यूबा ग्रां प्री’ भरवली गेली. पहिली शर्यत १९५७ साली अर्जेंटिनाच्या हुआन मानुएल फांखिओने जिंकली. पाच वेळा जगज्जेता झालेला हा माणूस १९५८ साली पुन्हा आला.

६/
२३ फेब्रुवारी १९५८. शर्यतीची आदली संध्याकाळ. हॉटेल लिंकनच्या दर्शनी दालनात फांखिओ सहकाऱ्यांशी बोलत उभा होता. एक तरुण पिस्तूल घेऊन पुढे आला आणि त्याला घेऊन गेला. हे तरुण फिदेल कास्त्रोच्या ‘२६ जुलै’ चळवळीचे होते. त्यांना खंडणी नको होती, बातमी हवी होती. बातिस्ताच्या हातात शहर नाही, हे जगाच्या वर्तमानपत्रांतून छापून यायला हवे होते. तसे ते छापून आले.
सरकारने हट्टाने दुसऱ्या दिवशी शर्यत घेतलीच. रस्त्यावर तेल सांडले होते. काही फेऱ्या होतात न होतात तोच एक फेरारी घसरून गर्दीत शिरली आणि किमान सहा प्रेक्षक ठार झाले. शर्यत तेथेच थांबवावी लागली.

७/
त्यानंतर फांखिओला सुखरूप अर्जेंटिनाच्या वकिलातीच्या स्वाधीन करण्यात आले. आपल्याला नीट वागवले गेले, असे तो नंतर सांगत राहिला, आणि पळवून नेणाऱ्यांविषयी त्याने कधी कटुता धरली नाही. १९८१ साली तो पुन्हा क्यूबात आला, तेव्हा कास्त्रोला भेटलाही. शर्यतीचा अपघात मात्र या गमतीदार कथेतून बहुधा गाळला जातो. मालेकोनवर खुल्या टपाच्या गाडीतून वाऱ्यावर केस उडवीत जाणाऱ्या प्रवाशाला हा रस्ता कशासाठी वापरला गेला, हे ठाऊक असणे बरे.

८/
१ जानेवारी १९५९ च्या पहाटे बातिस्ता देश सोडून पळाला. लोक रस्त्यावर आले; त्यांनी जुगारगृहांतील यंत्रे फोडली आणि पार्किंगचे मीटरही फोडले, कारण त्या नाण्यांची वाट कुणाच्या खिशात जाते हे सर्वांना माहीत होते.
पुढचे टप्पे बहुतेकांना पाठ असतात. अमेरिकी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण, ऑक्टोबर १९६० मध्ये अमेरिकेची निर्यातबंदी, फेब्रुवारी १९६२ मध्ये केनेडींची संपूर्ण व्यापारबंदी. नवी शेवरले येणे बंद झाले, सुटे भागही बंद झाले.

९/
येथे बहुतेक पुस्तिका थांबतात : ‘अमेरिकेच्या बंदीमुळे जुन्या गाड्या टिकल्या.’ हे अर्धेच उत्तर आहे. बंदी अमेरिकेची होती. जपान, फ्रान्स, इटली येथेही मोटारी बनत होत्याच. उरलेले अर्धे उत्तर क्यूबाच्या स्वतःच्या कायद्यात आहे.
क्रांतीनंतर मोटार ही बाजारात मिळणारी वस्तू उरली नाही. ती सरकारने द्यायची गोष्ट झाली. सोव्हिएत संघातून आलेल्या लाडा आणि मॉस्कविच गाड्या उत्तम कामगार, अधिकारी, डॉक्टर, खेळाडू यांना बक्षिसासारख्या मिळत. पण त्या मोकळेपणाने विकता येत नसत. मोकळेपणाने विकता येई ती फक्त १९५९ पूर्वी देशात असलेली मोटार. हा नियम २०११ पर्यंत चालला.

१०/
म्हणजे आजोबांची १९५२ ची प्लिमथ ही घरातली अशी दुर्मीळ मालमत्ता होती, जिला खुला खरेदीदार मिळू शकत असे. तिचा पंख गंजला तर पत्रा ठोकून नवा करायचा. इंजिन गेले तर दुसरे कुठले तरी बसवायचे. पण गाडी मोडीत काढायची नाही. यामागे जुन्याची हौस नव्हती. शेत विकत नाहीत, तशी ही गोष्ट होती.
२०१४ साली सरकारने नव्या गाड्या सर्वांना खुल्या केल्या, तेव्हा हवानातील विक्रीकेंद्रात एका प्यूजो ५०८ वर सुमारे २,६२,००० डॉलर अशी किंमत लावलेली लोकांनी पाहिली. सरकारी पगार तेव्हा महिन्याला सरासरी वीस डॉलरच्या आसपास होता. लोक हसले आणि आपापल्या प्लिमथकडे परतले.

११/
चौकातल्या रंगीत खुल्या गाड्या परदेशी पाहुण्यांच्या. हवानाचा नित्याचा प्रवास ज्यांतून होतो त्या वेगळ्या. त्यांना ‘आल्मेन्द्रोन’ म्हणतात, म्हणजे मोठा बदाम. फुगीर आकारावरून पडलेले नाव. ठरलेल्या मार्गावर धावणारी ही सामायिक टॅक्सी. रस्त्याकडेचा माणूस हाताच्या खुणेने आपली दिशा सांगतो आणि गाडी त्याच बाजूची असेल तर थांबते.
आत बसले की डिझेलचा वास येतो आणि पायाखालचा पत्रा थरथरतो. बॉनेटखाली मूळचे पेट्रोल पिणारे व्ही-८ इंजिन क्वचितच उरले आहे. ट्रकचे, टोयोटाचे, ह्युंदाईचे, जे मिळाले ते डिझेल इंजिन तेथे आहे. काही भाग लेथवर हाताने कातलेले आहेत. या कौशल्याला क्यूबन स्पॅनिशमध्ये ‘रेसोल्बेर’ असा शब्द आहे : अडले ते निभावून नेणे. चालक अभियंता किंवा शिक्षक निघाला तर नवल मानू नये. टॅक्सीत पगारापेक्षा जास्त मिळते.

१२/
हे निभावणे किती टोकाला गेले होते, ते १९९१ नंतर दिसले. सोव्हिएत संघ कोसळला, तेल आणि धान्य यांचा ओघ आटला. सरकारने या काळाला ‘विशेष कालखंड’ असे सौम्य नाव दिले. चीनमधून दहा लाखांहून अधिक सायकली आणाव्या लागल्या. ट्रकला जोडलेल्या, मध्ये खोलगट आणि दोन टोकांना उंच अशा प्रचंड डब्यांतून शेकडो माणसे जाऊ लागली. त्या वाहनाला लोकांनी ‘उंट’ म्हटले. शहराबाहेरच्या रस्त्यांवर पिवळ्या गणवेशातील कर्मचारी सरकारी गाड्या थांबवून ताटकळलेल्यांना त्यांत बसवीत. पिवळा म्हणजे ‘आमारियो’. तेच त्यांचे नाव पडले.

१३/
हवाना सोडून पूर्वेला निघालेल्या प्रवाशाला मग गाण्याचा प्रदेश लागतो. पहिले मातान्सास. या बंदरातून साखर बाहेर जाई आणि आफ्रिकेतून आणलेली माणसे या परिसरातील मळ्यांवर राबत. एकूण सुमारे आठ लाख माणसे गुलाम म्हणून क्यूबात आणली गेली. स्पेनने १८२० पासून गुलामांचा व्यापार कागदावर बंद केला होता. प्रत्यक्षात तो १८६० च्या दशकापर्यंत चालला, आणि गुलामगिरी संपली ती १८८६ साली.

१४/
त्रिनिदादजवळच्या ‘साखर कारखान्यांच्या खोऱ्यात’ मानाका इस्नागा नावाच्या मळ्यावर ४५ मीटर उंचीचा बुरूज उभा आहे. पर्यटक वर चढून हिरव्या खोऱ्याचे छायाचित्र घेतात. बुरूज बांधला तो उसात राबणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी. त्यातली घंटा कामाची सुरुवात आणि शेवट सांगे. क्यूबन संगीतात वेळेचे भान इतके काटेकोर कसे, याची अनेक उत्तरे आहेत. त्या घंटेखाली उभे राहिल्यावर त्यांतले एकही सोपे वाटत नाही.

१५/
मातान्सास आणि हवानाच्या गोदी भागांत रुंबा वाढला. ढोल नसले किंवा वाजवू दिले नाहीत, तर माणसांनी लाकडी खोकी वाजवली. त्या खोक्यातून ‘काहोन’ हे वाद्य झाले. दोन लाकडी दांड्यांचे ‘क्लावे’ हे जहाजबांधणीतल्या कठीण लाकडाच्या खुंट्यांपासून आले, असे सांगतात. पाच ठोके, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन, एवढाच त्याचा आकृतिबंध; पण सारा वाद्यवृंद त्याच्याभोवती फिरतो. विसाव्या शतकाच्या आरंभी हीच आफ्रिकी वळणाची ढोलवादने ‘असंस्कृत’ म्हणून पोलिसांच्या धाकाखाली होती. २०१६ साली युनेस्कोने रुंबाला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हटले.

१६/
आणखी पूर्वेला सान्तियागो दे कूबा. पूर्वेच्या या डोंगराळ मुलखात स्पॅनिश गिटारचा वंश आणि आफ्रिकी ताल यांच्या मिलाफातून ‘सोन’ जन्मला. हैतीतील १७९१ च्या उठावानंतर पळून आलेल्या फ्रेंच मळेवाल्यांबरोबर त्यांचे गुलामही येथे आले आणि त्यांचे ‘तुंबा फ्रान्सेसा’ हे नृत्य राहिले. १८४७ ते १८७४ या काळात करारावर आणलेल्या सव्वा लाख चिनी मजुरांच्या वारशातून एक कर्कश, सनईच्या कुळातले वाद्य आले. ते आज कार्निव्हलच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे वाजते.
१९५३ साली कास्त्रोने मोंकादा बराकीवर हल्ल्यासाठी २६ जुलैची पहाट निवडली, ती याच कार्निव्हलच्या गर्दीमुळे. बाहेरून आलेले तरुण त्या दिवसांत कुणाच्या डोळ्यांवर येणार नव्हते.

१७/
आता ज्या गाण्यांसाठी बहुतेक लोक येथे येतात, त्यांची गोष्ट. मार्च १९९६. हवानातील एग्रेमच्या जुन्या स्टुडिओत मालीचे आणि क्यूबाचे वादक एकत्र ध्वनिमुद्रण करणार होते. मालीचे वादक पोहोचूच शकले नाहीत. स्टुडिओ ठरलेला, अमेरिकी गिटारवादक राय कूडर आलेला. तेव्हा हुआन दे मार्कोस गोन्सालेस याने जुन्या पिढीतले कलावंत गोळा केले. इब्राहिम फेरेर तेव्हा बूटपॉलिश करून पैसे मिळवीत असे. पियानोवादक रुबेन गोन्सालेस याच्या घरी पियानोच उरला नव्हता. कोंपाय सेगुंदो नव्वदीकडे झुकला होता आणि आयुष्याची अनेक वर्षे त्याने सिगार वळण्यात काढली होती.

१८/
‘ब्वेना व्हिस्टा सोशल क्लब’ ही तबकडी १९९७ साली आली, पुढच्या वर्षी तिला ग्रॅमी मिळाले, १९९९ साली विम वेंडर्सचा चित्रपट आला. शत्रुराष्ट्राशी व्यापार केल्याबद्दल कूडरला अमेरिकी सरकारने दंडही केला.
ते नाव हवानाच्या एका जुन्या क्लबचे. गोऱ्यांच्या क्लबांत प्रवेश नसलेल्या कृष्णवर्णीयांनी आपापल्या संस्था काढल्या होत्या, त्यांतला तो एक. क्रांतीने वर्णभेदी क्लब बंद केले, ही स्वागतार्ह गोष्ट; पण त्याबरोबर काळ्या माणसांनी स्वतःसाठी उभ्या केलेल्या या जागाही गेल्या आणि तेथे वाजवणारे हळूहळू विस्मरणात गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी लपवता येत नाही.

१९/
आज उपाहारगृहात तिघेजण गिटार घेऊन येतात आणि न विचारताच ‘चान चान’ सुरू करतात, कारण पाहुण्याला तेच हवे असते. १९९६ साली हवानाचे तरुण ‘तिंबा’ या वेगवान शैलीवर नाचत होते आणि पुढे त्यांनी रेगेटोन जवळ केले. त्यांच्या दृष्टीने ब्वेना व्हिस्टा म्हणजे आजोबांचे गाणे. परदेशी माणसाला क्यूबा जुना हवा आहे, आणि क्यूबन माणूस पोटासाठी तो जुना करून दाखवतो.

२०/
१८ ऑक्टोबर २०२४ रोजी देशातील सर्वांत मोठे वीजकेंद्र बंद पडले आणि सारे बेट अंधारात गेले. गेल्या काही वर्षांत लाखो लोकांनी देश सोडला आहे. इंधन मिळेनासे झाले की आल्मेन्द्रोन उभे राहतात आणि भाडे वाढते.
तरीही ते धावतात. जाडजूड दार ओढून घेण्यासाठी प्रवाशाचा हात पुढे होतो तेवढ्यात चालक मागे वळतो आणि दिवसातून शंभरदा म्हणायचे वाक्य म्हणतो : हळू लावा. बिजागरी सत्तर वर्षांची आहे आणि दुसरी मिळत नाही.

(समाप्त)