दाजींची सही

मराठीचा प्राध्यापक झालो तेव्हा आता जन्मभर ज्ञानेश्वर-तुकारामांच्या सहवासात राहायचं, अशी माझी भाबडी समजूत होती. ते भाग्य आठवड्यातून काही तास लाभतंही. पण गल्लीत माझी खरी ओळख आहे ती मसुदे लिहून देणारा माणूस म्हणून. कुणाच्या निवृत्तीचं मानपत्र, मंडळाची वर्गणीची पत्रिका, नळाला पाणी आलं नाही म्हणून महापालिकेकडे करायचा अर्ज, सगळे कागद फिरून माझ्या दारी येतात. सोलापुरात पाण्याचे अर्ज वर्षभर पुरतात. त्यामुळे नळ कोरडा पडला तरी माझी लेखणी कधी कोरडी पडत नाही.

या लौकिकाचा मला थोडा अभिमानच होता. तो उतरला २०१५ सालच्या खंडेनवमीला. त्याचं असं झालं.

माझी थोरली बहीण सोलापुरातच दिलेली आहे. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांचं अक्कलकोट रस्त्याला गॅरेज आहे. शिक्षण सातवीपर्यंत, पण ट्रक दारात येऊन उभा राहायच्या आत त्याचं दुखणं काय ते नुसत्या आवाजावरून सांगतील. त्यांचा मुलगा २०१० साली दहावी झाला, तेव्हा मी मामाच्या अधिकारानं त्यांच्या घरी जाऊन एक व्याख्यान झोडलं होतं. "दाजी, पोराला शिकवा. तुमच्यासारखे त्याचे हात काळे व्हायला नकोत." पुराव्यादाखल मी विश्वेश्वरय्यांचं नाव घेतलं. १८८३ साली पुण्याच्या कॉलेजातून ते पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक इंजिनिअर झाले. दाजींनी आपल्या हातांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बरं. शिकवू की."

भाचेराव शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या डिप्लोमाला गेले. पास झाले. पुण्याकडे एका कारखान्यात कंत्राटी नोकरी लागली. दर सहा महिन्यांनी नवं कंत्राट, दर सहा महिन्यांनी तीच धाकधूक. दोन वर्षांनी कंटाळून परत आले आणि त्यांनी जाहीर केलं, "मामा, आता सरकारी नोकरीच. आरटीओत सहायक मोटार वाहन निरीक्षक व्हायचं."

मेकॅनिकलवाल्या मुलांना या पदाचं मोठं आकर्षण. खाकी गणवेश, खांद्यावर तारे आणि रस्त्यावरच्या भल्याभल्या गाड्या थांबवण्याचा अधिकार. मला वाटलं, परीक्षा दिली की झालं. पण या पदाची पात्रता नुसत्या कागदावर भागत नव्हती. मोटार वाहन कायद्याखाली केंद्र सरकारनं १२ जून १९८९ ला अधिसूचना काढून अटी घातलेल्या होत्या. दहावी पास आणि ऑटोमोबाईल किंवा मेकॅनिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा हवा, इथपर्यंत ठीक. पुढची अट अशी, की जिथे हलकी वाहनं, जड मालवाहू गाड्या आणि जड प्रवासी गाड्या, पेट्रोलच्या आणि डिझेलच्याही, दुरुस्त होतात, अशा नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये निदान एक वर्ष काम केलेलं असावं. शिवाय मोटारसायकलपासून ट्रक-बसपर्यंत सगळं चालवण्याचा परवाना हवा.

म्हणजे ज्या गॅरेजातून बाहेर पडण्यासाठी मुलगा इंजिनिअरिंग शिकला, त्या गॅरेजात वर्षभर राहिल्याशिवाय सरकार त्याला दारात उभं करणार नव्हतं.

भाचेरावांना यात अडचण दिसली नाही. "अण्णांचंच तर गॅरेज आहे! मी लहानपणापासून तिथंच वाढलोय. दाखल्यावर त्यांची सही घेतली की झालं. मजकूर तेवढा तुम्ही लिहून द्या." मजकूर म्हटल्यावर माझी लेखणी सरसावली. 'प्रमाणित करण्यात येते की' अशी दमदार सुरुवात करून मी लिहिलं, की सदर उमेदवारानं आमच्या वर्कशॉपमध्ये एक वर्ष पूर्णवेळ काम केलं असून हलक्या व जड वाहनांच्या दुरुस्तीचा त्याला सखोल अनुभव आहे. 'सखोल' या शब्दावर मी मनातल्या मनात खूश झालो.

आम्ही दोघं गॅरेजात गेलो तेव्हा दाजींनी नुकतीच हत्यारं पुजली होती. धुऊन पुसून मांडलेले पाने, हातोडे, जॅक, त्यांच्यावर हळदीकुंकू आणि झेंडूची फुलं. दाजी धुतल्या कपड्यांत होते. त्यांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत कागद सावकाश वाचला.

"सर, अक्षर झ्याक हाय," ते म्हणाले. "पर ह्ये 'सखोल' म्हंजे किती खोल ओ?"

मी हसलो. दाजी हसले नाहीत.

"ह्यो गाडीखाली किती वेळा गेलाय, मला म्हाईत हाय. धा वेळा बी न्हाई. आन् उद्या ह्येच्या सहीवर बस रस्त्याला लागायची. आत पन्नास मान्सं बसायची." त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "आज हत्यारं पुजल्यात. आज खोटी सही न्हाई व्हायची. वरीसभर करू दे की काम. म्होरल्या दसऱ्याला ह्योच कागद आना. करतो सही."

भाचेराव संतापून निघून गेले. मी कागद खिशात घालून उभा राहिलो. वर्गात 'शब्दांशी इमान राखा' असं मुलांना सांगणारा मी. सातवी शिकलेल्या माणसानं माझ्या एका विशेषणावर बोट ठेवलं होतं, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

दुसरा मार्ग नव्हता, म्हणून मुलगा गॅरेजात जाऊ लागला. पहिले काही महिने बापलेकांत फक्त 'चौदाचा पाना दे' आणि 'हा घ्या' एवढाच संवाद. सोलापूरचा उन्हाळा मी सांगायला नको. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर आणि पत्र्याच्या शेडखाली, तापलेल्या इंजिनाशेजारी तो आणखी वर. पहाटे एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर रिकामा ट्रक घेऊन तो मोकळ्या रस्त्यावर जड वाहनाचा हात बसवायचा. रात्री माझ्याकडे जेवायला आला की ताटापुढच्या त्या हातांकडे मी चोरून बघायचो. नखांच्या कडा काळ्या. साबणानं न निघणाऱ्या.

एके रात्री जेवता जेवता तो एकदम म्हणाला, "मामा, ट्रकचा एअर ब्रेक कसा चालतो, ठाऊक आहे?" मला कुठून ठाऊक असणार! त्यानं वाटी आणि चमचा घेऊन समजावलं. गाडी उभी करायच्या ब्रेकमध्ये एक दणकट स्प्रिंग असते. तिचा स्वभावच मुळी चाक जखडून ठेवण्याचा. हवेचा दाब तिला मागं रेटून धरतो, म्हणून गाडी चालते. हवा निघून गेली की स्प्रिंग सुटते आणि चाकं जागच्या जागी थांबतात. "पुस्तकात आकृती होती. मी पाठ केली होती, मार्कही मिळाले होते. पण आज अण्णांनी गाडीखाली नेऊन हात लावायला लावला, तेव्हा कळलं." तो 'अण्णांनी' हा शब्द बऱ्याच महिन्यांनी नीट उच्चारत होता.

मला त्या रात्री विश्वेश्वरय्यांऐवजी लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यंत्रांचं ड्रॉइंग शिकवीत. हक्काची बढती त्यांना डावलून दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावी आले आणि सायकलींच्या दुकानात रमले. पुढे लोखंडी नांगर झाले, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. बढती देणाऱ्यांच्या लेखी जो माणूस अपात्र, त्याच्याजवळ आपले दोन हात शिल्लक होते. २०१० सालच्या माझ्या व्याख्यानात हे उदाहरण कसं आलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

२०१६ च्या दसऱ्याला दाजींनी सही केली. कागद तोच, मजकूर तोच. 'सखोल'वर त्यांनी क्षणभर बोट टेकवलं, मुलाकडे पाहिलं आणि काही न बोलता खाली नाव लिहिलं.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण नियम लिहिणाऱ्यांनाही माझ्यासारखीच मसुद्यांची हौस असते. २०१७ च्या सुरुवातीला लोकसेवा आयोगाची जाहिरात आली. जागा आठशेच्या वर. आणि त्यात राज्याच्या नव्या नियमानुसार सवलत होती, की वर्कशॉपचा अनुभव आणि जड वाहनाचा परवाना आधी नसला तरी चालेल. नेमणुकीनंतर, परिविक्षेच्या काळात मिळवला की झालं.

भाचेराव जाहिरात घेऊन थेट गॅरेजात गेले. मी तिथे होतो, हे माझं दुर्दैव. "वाचा अण्णा! वर्ष फुकट घालवलंत माझं. बाकीची पोरं वर्षभर अभ्यास करत होती, आणि मी तुमच्या गाड्यांखाली लोळत होतो." दाजींनी जाहिरात वाचली नाही. हातातला पाना खाली ठेवला आणि आत जाऊन बसले. इतकी वर्षं मी त्यांना पाहतोय, दिवसाउजेडी काम सोडून बसलेले ते तेवढेच.

मग परीक्षा. तीन-चार महिने रोज रात्री मी प्रश्न वाचायचो आणि तो उत्तरं द्यायचा. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, थिअरी ऑफ मशीन्स, हायड्रॉलिक्स, इंजिनं. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण एक गोष्ट लक्षात आली. काही प्रश्नांना तो डोळे मिटून पाठ केलेलं आठवायचा. इंजिनाचा, ब्रेकचा, गिअरचा प्रश्न आला की मात्र डोळे उघडे ठेवून, हातानं हवेत काहीतरी फिरवत उत्तर द्यायचा. पूर्वपरीक्षा झाली, मुख्य परीक्षा झाली, आणि पुढच्या यादीत त्याचं नाव आलं. बहिणीनं पेढे वाटले.

पेढे संपायच्या आत प्रकरण न्यायालयात. केंद्रानं १९८९ साली घातलेली अट राज्याला अशी सैल करता येते का, हा वाद. उच्च न्यायालयात नेमणुका अडकल्या. गंमत पाहा, ज्या दोन गोष्टी नाहीत म्हणून आक्षेप होता, त्या दोन्ही आमच्या भाचेरावांच्या फायलीत होत्या. पण यादी अडकली तसे तेही अडकले. नोकरी नाही, पगार नाही, घरात रोज एकच विषय. तेव्हा तो कुणी न सांगता सकाळी उठून गॅरेजात जाऊ लागला. बापलेकांत माफी वगैरे मागण्याचा प्रसंग झाला का, मला माहीत नाही. दोघं एकाच ट्रकखाली झोपून बोलत होते, एवढं मी पाहिलं. चार पाय तेवढे बाहेर दिसत होते.

२०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात वाट मोकळी झाली आणि भाचेराव खाकी गणवेशात रुजू झाले. बरोबरीच्या कित्येकांना अनुभव आणि परवाना अजून मिळवायचा होता. हा सुट्टीच्या दिवशी त्यांना बसखाली नेऊन काय कुठे असतं ते दाखवायचा. दाजींच्या सहीचा तो दाखला कुणी निकडीनं मागितलाच नाही. तो फायलीत सगळ्यात वर आहे.

गेल्या दिवाळीत तो घरी आला होता. माझ्या मोटारीला पंधरा वर्षं पुरी होत आली होती, म्हणजे आरटीओत तपासणी करून नोंदणी नव्यानं करायची. नरकचतुर्दशीला फराळ करता करता मी सहज म्हणालो, "तुझ्या खात्यातल्या कुणाला तरी एक शब्द टाक. गाडी तशी उत्तम आहे." त्यानं चकली खाली ठेवली, किल्ली मागितली आणि गल्लीत एक चक्कर मारून आला. मग नव्या सदऱ्यानिशी गाडीखाली शिरला. बहीण आतून ओरडत होती, "अरे, आत्ता उटणं लावून न्हायलास ना!"

तो बाहेर आला. नखं काळी झाली होती. दाजींनी काही न बोलता पुसायला फडकं पुढे केलं.

"मामा, पुढचे ब्रेक गेलेत," तो म्हणाला. "आधी करून घ्या. मग मी स्वतः बरोबर येतो."

या घराण्यानं मला सही नाकारली, ती ही दुसरी वेळ.