दीड फूट वर!

घराचं काम काढलं. बजेट केलं, एक्सेल शीट केली, रंगांची शेडकार्डंही मागवली. फक्त एका माणसाला विचारायचं राहून गेलं…

माझ्या कपाळावर सध्या एक टेंगूळ आहे. गेल्या दोन महिन्यांतलं चौथं. ठाण्यातल्या ज्या ऑफिसात मी आठवड्यातून दोनदा कॉपी लिहायला जाते, तिथल्या रिसेप्शनवरच्या मुलीने परवा अगदी हळू आवाजात विचारलं, ‘‘घरी सगळं ठीक आहे ना?’’ तिला वाटलं तसं काही नाही हो! माझं भांडण चाललंय ते गावच्या घराच्या, स्वयंपाकघराच्या दाराशी. पूर्वी ते सव्वासहा फूट उंच होतं. आता पावणेपाच फूट आहे. दार आखडलं नाही, जमीन वर आली.

तर ही गोष्ट त्या दीड फुटाची.

मी राहते घोडबंदर रोडला, दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये. ‘वीकेंडला गावाला जातेय’ असं म्हटलं की कुणी ना कुणी विचारतंच, ‘‘वॉव! कोकणात का?’’ नाही बाई, डोंबिवली ईस्ट. स्टेशनबाहेरून शेअर रिक्षा, कल्याण-शीळ रोडच्या दिशेला. समोरच्याचा चेहरा लगेच पडतो. डोंबिवलीत कुठलं आलंय गाव?

आहे ना. एक-दोन नाही, चांगली २७ गावं आहेत. भोपर, संदप, निळजे, काटई, दावडी, हेदुटणे… तुम्ही ही नावं रिक्षाच्या स्टॉपसाठी ऐकली असतील, नाहीतर नव्या टॉवरच्या जाहिरातीत बारीक अक्षरात वाचली असतील. त्यातलंच एक आमचं. गावदेवीचं देऊळ आहे, विहीर आहे आणि एकमेकांची चार पिढ्यांची उणीदुणी तोंडपाठ असलेली माणसं आहेत. गाव म्हणायला आणखी काय लागतं?

आणि या गावांचं नशीब तरी कसं बघा. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका झाली, तेव्हा ती महापालिकेत गेली. २००२ मध्ये बाहेर पडली, ग्रामपंचायती आल्या. २०१५ मध्ये परत महापालिकेत. २०२० मध्ये त्यातल्या १८ गावांची वेगळी नगरपरिषद करायचं ठरलं आणि त्याच वर्षी हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला. या सगळ्या काळात माझी आजी एकाच घरात, एकाच ओट्यावर बसून होती. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत घरपट्टीच्या पावत्यांची चळत आहे. वरचं नाव बदलत गेलंय. महापालिका, ग्रामपंचायत, परत महापालिका. आजी म्हणते, ‘‘मी कुठं गेले नाय. गावच हिकडं-तिकडं करतंय.’’

रस्ता वर, घर खाली

आमचं घर कौलारू, दगड-मातीच्या जाड भिंतींचं. पुढे ओटा, मग पडवी, माजघर आणि मागे स्वयंपाकघर. ओट्याला तीन पायऱ्या होत्या. २६ जुलै २००५ आठवतोय? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. मी तेव्हा तिसरीत होते. गावातल्या रस्त्यावरून पोटरीभर पाणी वाहत होतं, पण ते आमच्या दुसऱ्या पायरीला टेकून थांबलं. आम्ही पोरं ओट्यावर बसून वाहून जाणाऱ्या चपला मोजत होतो.

गेल्या वर्षी जुलैमधला पाऊस मात्र अगदी साधा होता. ट्रेनसुद्धा वेळेवर होत्या, म्हणजे बघा! रात्री दोन वाजता बाबांचा फोन आला, ‘‘पाणी माजघरात आलंय.’’

पाऊस वाढला नव्हता, रस्ता वाढला होता. जुना थर न खरवडता त्यावर नवं डांबर, असं वर्षानुवर्षं चाललेलं. दर खेपेला इंच-दोन इंच. मग काँक्रीट आलं, ते एकदम आठ-नऊ इंच. आमचं खळं होतं तिथे शेजारी सात मजली इमारत उभी राहिली, तिने आपलं आवार त्याहून उंच घेतलं. पाणी शेवटी उतारच शोधणार. तीन पायऱ्यांपैकी अडीच रस्त्याने गिळल्या आणि पाणी घरात येईपर्यंत आमच्या ते ध्यानातही आलं नाही.

बाबांनी व्हॉट्सअॅपवर आलेला एक व्हिडिओ दाखवला. त्यात जॅक लावून अख्खं घर उचलत होते. कारागीर हरियाणाचे. मग मीही गुगल करून माझं ज्ञान पाजळलं. एकोणिसाव्या शतकात शिकागो शहरात गटारं घालायला रस्तेच्या रस्ते उंच केले होते आणि मोठमोठ्या इमारती स्क्रू-जॅकवर उचलून त्या रस्त्यांच्या बरोबरीला आणल्या होत्या. आमच्या मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीवर बोट टेकवलं. थोडी माती खाली सांडली. ‘‘ताई, विटांचं, पायाला बीम असलेलं घर उचलता येतं. हे उचलायला जाल तर हातात येईल.’’

मग मार्ग एकच उरला. घर जागच्या जागी ठेवायचं आणि आतली जमीन दीड फूट वर घ्यायची. कौलं उंच होती म्हणून ते शक्य होतं.

एक्सेल शीटचा निकाल

घरात मास कॉमची डिग्री एकटीची माझी. बांधकामाशी तिचा काय संबंध, असं कुणी विचारलं नाही. ‘तू लॅपटॉपवर कर सगळं’ म्हणून प्रोजेक्ट माझ्याकडे आला. बजेट चार लाख, मुदत पाच आठवडे. शीटला मी रंगही दिले होते. झालेलं काम हिरवं, राहिलेलं पिवळं. पहिले पंधरा दिवस सगळं शेत पिवळंच होतं.

पहिला घोटाळा भरणीचा. दीड फूट भरायला लागतं किती सामान! जवळच एक चाळ पाडली होती, तिचं डेब्रिज फुकट मिळत होतं. फुकट म्हटल्यावर मी लगेच शीटमध्ये वीस हजार वाचवले. मिस्त्री म्हणत होते, ‘‘ताई, भरणी थराथराने टाकायची, पाणी मारायचं, धुमसाने चोपायची. मग आठ-दहा दिवस गप सोडून द्यायची.’’ आठ-दहा दिवस? माझ्या मुदतीत ते बसत नव्हते. मी घाई केली, त्यांनी मान हलवली. लादी बसवून तीन आठवडे होतात न होतात तोच पडवीच्या कोपऱ्यातल्या लाद्या चक्क खाली बसल्या. नाण्याने टकटक केलं की पोकळ वाजायच्या. तेवढा भाग उखडून परत केला. वीस हजार वाचले होते, सत्तावीस गेले.

दुसरा घोटाळा असा, की जमीन वर आली पण बाकीचं घर होतं तिथेच राहिलं! स्विचबोर्ड चार फुटांवर होते, ते अडीच फुटांवर आले. माझा तीन वर्षांचा भाचा प्रचंड खूश. दिवसभर पंखे चालू-बंद. खिडक्या गुडघ्याला आल्या. बाहेरच्या दाराची चौकट आम्ही वर घेतली. स्वयंपाकघराची राहिली, कारण तिच्यावर भिंतीचा भार होता आणि ते स्वतंत्र काम होतं. मिस्त्री म्हणाले, ‘‘ते नंतर बघू.’’ घराचं काम काढणाऱ्या समस्त वाचकांना माझी विनंती आहे. ‘नंतर बघू’ हे शब्द ऐकू आले की तिथेच काम थांबवा, टेप घ्या आणि तिथून तुमच्या घरातला सगळ्यात उंच माणूस चालवून बघा.

मधे लग्नांचा सीझन आला. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम. टेम्पोवाला, सुतार, इलेक्ट्रिशियन सगळे रात्रभर डीजेसमोर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपलेले. रागवायची सोय नाही, कारण नाचायला मीही होतेच.

आणि तिसरा घोटाळा. हा मी ‘घोटाळा’ म्हणून शीटमध्ये लिहिलाच नव्हता. उलट ती माझी सगळ्यात लाडकी ओळ होती. ‘एन्ट्रन्स मेकओव्हर’. जुना ओटा शेणाने सारवलेला, मग कोबा केलेला, आता तडे गेलेला. तो काढून टाकायचा, ग्रॅनाइटच्या तीन पायऱ्या, वर काळी स्लायडिंग ग्रिल, बाजूला दोन कुंड्या. फोटो एकदम झकास आला होता. ग्रुपवर सत्तर लाइक्स!

खिडकीतली आजी

आजीने काम चालू असताना तक्रार केली नाही. पाहुण्यासारखी काकीकडे राहिली, काम संपल्यावर ट्रंक घेऊन परत आली. नव्या पायऱ्या धरून-धरून चढली. ‘‘चांगलं केलंस,’’ म्हणाली. मला वाटलं, पास.

दोन आठवड्यांनी, एका शनिवारी संध्याकाळी मी गावात पोहोचले तेव्हा आमच्या घरासमोर तीन बायका भर रस्त्यात उभ्या होत्या. भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या. जवळ गेले तर गजांच्या आत आजी. खिडकी खाली आली होती ना, तिच्या कट्ट्यावर पाय दुमडून ती बसली होती. आत ती, बाहेर त्या, मधे लोखंडी गज. मागून रिक्षा आली, हॉर्न वाजला, बायका बाजूला झाल्या आणि ‘‘जाते गो’’ म्हणून पांगल्या. संपल्या गप्पा.

पूर्वी याच वेळेला ओट्यावर पाच-सहा जणी असायच्या. निवडायच्या भाजीसकट. शेजारच्या इमारतीत भाड्याने राहणारी, पुण्याहून आलेली नर्ससुद्धा ड्यूटीवरून येताना दहा मिनिटं टेकायची. कुणाच्या घरी पाणी आलं नाही, कुणाची सून माहेरी गेली, मेट्रोच्या कामामुळे आज रिक्षा कुठून वळवली, सगळं तिथे कळायचं. समोर भाताची खाचरं होती तोवर ओट्यावरून मलंगगड दिसायचा. तो टॉवरमागे गेला, खाचरं गेली, खळं गेलं. आजीने त्यातल्या कशाबद्दल कधी कुरकुर केली नाही. कारण तिच्याकडे ओटा होता. तो मी काढला. ना बिल्डरने, ना सरकारने.

‘‘आजी, तू बोलली का नाहीस?’’

‘‘तू मना इचारलंस कवा?’’

रागाने नाही म्हणाली. खरंच आठवत असल्यासारखं म्हणाली. मी लॅपटॉप उघडून शीट बघितली. एकशे बारा ओळी होत्या. लादीचं टेक्श्चर मी चार मैत्रिणींना विचारलं होतं. ओट्याबद्दल एकीलाही नाही.

बजेट तोवर साडेपाच लाखांवर गेलं होतं. हातात चाळीस हजार उरले होते आणि ते स्वयंपाकघराच्या चौकटीसाठी ठेवलेले होते. त्या रात्री जेवताना मी बाबांना म्हटलं, ‘‘चौकट राहू दे. ओटा बांधू.’’ आई म्हणाली, ‘‘आणि डोकी?’’ पण म्हणताना तीच हसली.

यावेळी मिस्त्रींना मी आजीसमोर बसवलं. उंची किती? आजी म्हणाली, ‘‘रस्त्यावरनं येणारीला टेकता आलं पाहिजे.’’ म्हणजे दीड फूट, खुर्चीएवढी. ग्रॅनाइट नको, पावसात पाय घसरतो. कोबाच हवा. पायऱ्या समोर नकोत, बाजूला, आणि धरायला एक पाइप. ग्रिल ओट्याच्या आत, दाराला. मिस्त्री मान डोलवत म्हणाले, ‘‘ताई, यांनाच आधी बोलवायचं ना!’’

काम पाच दिवसांत झालं. या घरातलं वेळेत झालेलं हे एकमेव काम. बाबांना मात्र शंका होतीच. ‘‘आणि पाच-सहा वर्षांत रस्ता परत वर आला तर?’’

‘‘तवा मी असेन तर परत बांधू,’’ आजी म्हणाली. ‘‘नसेन तर तुमी बघा.’’ मग तिने मिस्त्रींकडून बिल मागून घेतलं आणि ट्रंकेत, पावत्यांवर ठेवलं.

गेल्या रविवारी गेले तेव्हा ओटा भरलेला होता. वालाच्या शेंगा निवडणं चाललं होतं, नर्सही होती. मला बघून कुणीतरी सरकून जागा केली. ‘‘उभी का? बस गो.’’ बसले. पाय बरोबर रस्त्याला टेकले. एक डेडलाइन होती, ती विसरले. तासाभराने आईने आतून चहाला हाक मारली. आजी आधी उठली. तिची उंची चार फूट सात इंच. ती पावणेपाच फुटांच्या दारातून, मान जराही न वाकवता, आत गेली.

तिच्या मागोमाग मी. हे टेंगूळ तेव्हाचं.