सौंसरची छोटी लाईन, टेबलावर

जामसावळीचे हनुमान पहुडलेले असतात, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर सौंसरच्या घरी मीही तसाच पहुडलो. लॅपटॉप बंद, बसणं बंद. मग आगगाडीची मॉडेलं करायला घेतली.

आमच्या जिल्ह्यात दोन तऱ्हेचे रूळ होते. पांढुर्ण्याहून नागपूर-इटारसी ब्रॉडगेज जाते. सौंसरहून २०१५ पर्यंत नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज, म्हणजे आपली छोटी लाईन, धावायची. रुळांमधलं अंतर तिकडे १६७६ मिलिमीटर, इकडे फक्त ७६२. १:८७ या प्रमाणात छोटी लाईन जेमतेम ९ मिलिमीटरची होते.

उंच टेबलाशी वीस मिनिटं उभं राहायचं, मग आडवं व्हायचं. पुठ्ठ्याचं स्टेशन, आइस्क्रीमच्या काड्यांचे स्लीपर. डिंक असो की मणका, घाई दोघांनाही चालत नाही.

आता सौंसरलाही ब्रॉडगेज आली. माझ्या मुलीने छोटी गाडी पाहिलीच नाही. बाबा तिला टेबलावर बोट फिरवत स्टेशनं सांगतात: लोधीखेडा, सावनेर, पाटणसावंगी. खरी इंजिनं नागपूरच्या मोतीबाग नॅरोगेज संग्रहालयात आहेत. प्रवासाची परवानगी मिळाली की पहिली फेरी तिथेच. तुम्हीही मुलांना घेऊन जा.