सहा व्होल्टांचा उजेड

वडिलोपार्जित वस्तूंच्या बाबतीत मी मोठा कर्मठ मनुष्य आहे. घरातले चेपलेले तपेले मी मोडीत घालू दिले नाही, आणि नानांची जावा मोटारसायकल तर मी सोवळ्यातल्या देवासारखी जपली. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून ज्या गाड्या बनू लागल्या, त्यांच्या कुळातली ती. मूळ कूळ चेकोस्लोव्हाकियातले. यानेचेक या कारखानदाराने १९२९ साली वाँडरर कंपनीची मोटारसायकल बांधण्याचा हक्क घेतला आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' हे नाव सिद्ध केले. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. आमची गाडी मात्र घोडेगावच्या पडवीत नांदत राहिली. तिचा एकही भाग परका असू नये, असा माझा हट्ट होता.

हा हट्ट गेल्या हिवाळ्यातल्या एका रात्रीने मोडला. मुलीला मागे बसवून मी नगरहून परतत होतो. इमामपूरचा घाट उतरलो, पांढरीपूल मागे पडला, आणि आमचा दिवा निखाऱ्यावर राख चढावी तसा मंदावत गेला. समोर दिवा नसलेली उसाची गाडी चालली होती. ती मला दिसली तेव्हा उसाचे वाढे माझ्या खांद्याला घासत होते. कशीबशी गाडी सावरली. थोड्या वेळाने मागून प्रश्न आला, "बाबा, ती गाडी तुम्हाला दिसली होती ना?" मी म्हणालो, "दिसली होती की." तेवढे खोटे बोलून मी घरी आलो, परंतु झोप काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मला या यंत्राचा जमाखर्च समजावून सांगितला. जुन्या जावाचा डायनॅमो सहा व्होल्टांचा. त्याची मिळकत अवघी पंचेचाळीस वॅट. तीतून पंचवीस वॅट पुढचा दिवा घेणार, काही मागचा दिवा, काही इंजिनाची ठिणगी. अधूनमधून भोंगा हात पसरणार. उरले तर बॅटरीच्या पदरात. त्यातही डायनॅमोची कमाई वेगावर अवलंबून. गाडी संथ चालली की मिळकत थांबते आणि पुंजीतून खर्च सुरू होतो. फिरत्या वेटोळ्यातली वीज कार्बनच्या तुकड्यांनी गोळा करायची, ते तुकडे झिजायचे, रेग्युलेटरची टोके काजळायची. बॅटरी एकदा दुबळी झाली की दिवा इंजिनाच्या श्वासाबरोबर फुलतो आणि विझू पाहतो.

"बारा व्होल्टांचे नवे यंत्र बसवा," मिस्त्री म्हणाले. त्यात चुंबक फिरते व वेटोळी स्थिर राहतात. म्हणून झिजणारे कार्बन नाहीत. उलटसुलट वाहणारी वीज डायोडमधून एकाच दिशेने वळवली जाते, आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तिला मर्यादेत ठेवतो. मिळकत जुन्याच्या दुपटीहून अधिक. शिवाय तेवढ्याच वॅटसाठी बारा व्होल्टांना प्रवाह निम्मा लागतो, आणि तारेत उष्णतेने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती एकचतुर्थांशावर येते. हिशोब बिनचूक होता. तरीही मी म्हणालो, "पण मग ती नानांची गाडी राहील का?"

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी बाजूचे झाकण काढले आणि मला वाकून पाहायला सांगितले. ज्या अस्सलपणाचा मी पहारा करीत होतो, तो तेथे नव्हताच! रेग्युलेटर दुसऱ्याच कुठल्या गाडीचा होता. कार्बन भलत्याच यंत्राचे, कानशीने घासून बेतलेले. एक तार तर शेतातल्या पंपाची होती. तिच्या सांध्यावर नानांच्या हातची, दवाखान्यातली चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

नाना गुरांचे डॉक्टर. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दिवस जायचा. रात्री कुणाची गाय अडली की निरोप यायचा आणि नाना निघायचे. गाय पहाटेपर्यंत थांबत नाही. जे हाती लागेल ते जोडून त्यांनी हा दिवा पेटता ठेवला होता. त्यांची निष्ठा भागांशी नव्हती, पोहोचण्याशी होती. नगरला १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथील रणगाड्याला अस्सल राहणे शोभते, कारण त्याला आता कुठे जायचे नाही. माझ्या गाडीवर मात्र माझी मुलगी बसते.

मी होकार दिला. जुना डायनॅमो, रेग्युलेटर, ठिणगीची कॉइल, सारे उतरले. त्यांच्याबरोबर बॅटरी, भोंगा आणि झाडून सारे दिवेही बदलावे लागले, कारण सहा व्होल्टांचा दिवा बारांवर क्षणात जळून जातो. सांगाड्याला एकही नवे भोक पाडायचे नाही, एवढी एकच अट मी घातली. म्हणजे उद्या कुणाला वाटले तर जुने पुन्हा बसवता येईल. नानांची ती पंपाची तार मी चिकटपट्टीसकट पेटीत ठेवली आहे.

पहिल्याच रात्री मी मुद्दाम शेतावरून उशिरा निघालो. वाटेवरचे दगड, बोरीची झुडपे, बांधावरचे मांजर, सारे लख्ख दिसत होते. अंगणात येऊन उभा राहिलो. दिवा यत्किंचितही मंदावला नाही. दार मात्र उघडले नाही. आतून आईचा आवाज आला, "कोण आहे?" पूर्वी खिडकीवर फुलणारा नि विझणारा उजेड पाहूनच ती कडी काढीत असे. हा स्थिर उजेड तिच्या ओळखीचा नव्हता. मला नाव सांगावे लागले.

जेवताना मी मुलीला म्हणालो, "त्या रात्री उसाची गाडी मला दिसली नव्हती बरे का." तिने मान डोलावली आणि ताटातली भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात वाढली.